फुल काम केलेलं डिझेल इंजिन डायनोवर रन-इन करायचंय, अनुभव सांगा

उसाची_ट्रॉली | ९ ऑक्टोबर, रात्री १०.१२

मंडळी, नमस्कार. काम केलेलं इंजिन डायनोवर, म्हणजे मोजून भार देणाऱ्या यंत्रावर, चालवून त्याच्या रिंगा बसवायच्यात. थोडं लांबलचक होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट विचारता येणार नाही.

आमच्याकडे जुना टाटा ट्रक आहे, ६९७ इंजिनाचा. सहा सिलिंडर, ९७ चा बोअर, १२८ चा स्ट्रोक, साधारण ५.७ लिटर. टर्बो नाही. हंगामात ऊस, एरवी खडी आणि विटा. वडिलांनी घेतलेली गाडी, त्यामुळे विकायचा विषय घरात निघत नाही.

गेल्या चैत्रात इंजिनाचं फुल काम केलं. लायनर, पिस्टन, रिंगा, शेल (क्रँकची बेअरिंगं) सगळं नवीन, क्रँक ग्राइंड, हेडला नवे गाईड, नोझल आणि पंप कॅलिब्रेट. काम करणारे मिस्त्री वडिलांच्या वेळेपासूनचे, हात अतिशय चांगला. इंजिन बांधून झाल्यावर त्यांनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ते ‘मोकळं’ करायला ठेवलं. संध्याकाळी सातला स्लोवर, म्हणजे भार न देता कमी रेसवर, सोडलं, ते पहाटे पाचपर्यंत. मी तिथेच बाकड्यावर झोपलो होतो. रात्रभर एकसुरी आवाज, कुठे खडखड नाही. त्यानंतर ८०० किलोमीटर गाडी रिकामी फिरवली, चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही.

तीन हजार किलोमीटरला ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी नळी) धूर दिसायला लागला. मग सकाळी निळा धूर. मग दर ४०० किलोमीटरला लिटरभर ऑइल. बॅक कॉम्प्रेशन (रिंगांवरून खाली निसटणारी गॅस) इतकं की ऑइल भरायचं झाकण उघडलं की हाताला फुंकर लागायची. शेवटी हेड उतरवलं. बोअर आरशासारखा चमकत होता. नखाने ओढून पाहिलं तर काचेवरून ओढल्यासारखं. होनिंगच्या (बोअर दगडाने घासण्याच्या) तिरप्या रेघा उजेडात अंधुक दिसत होत्या, पण भरून गेलेल्या, वरून पिवळट-तपकिरी झाक. रिंगा काढल्या तर त्यांच्या तोंडावर नवेपणीच्या खुणा जागोजागी तशाच. म्हणजे रिंगा बसल्याच नव्हत्या.

मिस्त्रींवर माझा काडीचाही राग नाही. त्यांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. पण आता बोअर परत होन करून नव्या रिंगा टाकल्या आहेत आणि या वेळी चूक परवडणार नाही, कारण कारखाने पेटायला महिना उरलाय. औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये वॉटर ब्रेक डायनो आहे, पाण्याच्या रोधाने भार देणारा, ते एक दिवस द्यायला तयार आहेत. डायनोवर रन-इन कोणी केलंय का? किती लोड, किती वेळ, काय बघायचं, कुठे थांबायचं?

रिव्हर्स_गिअर | ९ ऑक्टोबर, रात्री ११.०५

दादा, दोष स्लोवर ठेवण्याचा आहे असं इतक्या लवकर धरू नका. आमच्या आजोबांच्या गाडीच्या काचेवर ‘रनिंग इन’ची पाटी असायची, पहिले दीड हजार मैल हळूच. ती इंजिनं वीस-वीस वर्षं चालली. नव्या इंजिनावर पहिल्याच दिवशी ब्रेक लावून लोड द्यायचा, हे मनाला पटत नाही. लायनरचा दर्जा तपासा, रिंगांचा तपासा.

लेथवाला | १० ऑक्टोबर, सकाळी ७.४८

बावीस वर्षं बोअरिंग-होनिंग करतोय, म्हणून हे सविस्तर लिहितो.

रिंग बोअरला कशाने टेकते? तिच्या स्वतःच्या ताणाने टेकते हे खरं, पण तो ताण फार थोडा असतो. वरची रिंग खरी दाबली जाते ती तिच्या वरून आणि मागून शिरणाऱ्या गॅसच्या दाबाने. लोड असेल तर सिलिंडरमध्ये दाब जास्त, रिंग जोरात दाबली जाते. स्लोवर तो दाब नावापुरता.

आता बोअर. होनिंगने मारलेल्या तिरप्या रेघा म्हणजे शेतातले सरी-वरंबेच समजा, फक्त मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचे. सरीत ऑइल राहतं. वरंब्याची टोकं टोकदार असतात. रिंगेने ती घासून सपाट करायची, म्हणजे रिंगेला टेकायला पठार मिळतं आणि सरीत ऑइलही राहतं. हे घासणं पहिल्या काही तासांत होतं. त्या तासांत रिंगेवर दाब नसेल तर गॅस खाली निसटतो, ऑइल वर राहतं, अर्धवट जळतं आणि त्याचं वार्निश सरींमध्ये बसतं. सरी भरल्या की रिंगेला घासायला काही उरत नाही. तुम्ही पाहिलेली पिवळट झाक म्हणजे हेच वार्निश. आम्ही त्याला ‘बोअर काच झाला’ म्हणतो. मग नंतर कितीही लोड द्या, तो सुटत नाही. परत होनच.

रिव्हर्स_गिअर, तुमच्या आजोबांची पाटी चुकीची नव्हती. पण हळू चालवणं आणि रिकामं चालवणं यात फरक आहे. त्या गाड्या हळू जात, पण माल भरून, घाट चढून जात. इंजिनाला काम होतं.

आणि एक गोष्ट, जी डायनोपेक्षाही आधीची. होनिंगनंतर बोअर धुतला कशाने? नव्वद टक्के ठिकाणी डिझेल किंवा रॉकेलने पुसतात. त्याने ऑइल निघतं, होनिंगच्या दगडाची भुकटी निघत नाही. उलट रेघांत खोल जाऊन बसते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश, तेही घाम निघेपर्यंत. मग लगेच सुकवून पांढऱ्या सुती फडक्याला ऑइल लावून बोअर पुसा. फडकं राखाडी झालं की परत धुवा. मी चार-चार वेळा धुतो. ते फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत पिस्टन आत घालू नका. भुकटी राहिली तर डायनोवर तुम्ही रिंगा बसवत नाही, लॅपिंग करत (भुकटीने बोअर झिजवत) बसता, आणि तीच भुकटी ऑइलबरोबर शेलपर्यंत जाते.

उसाची_ट्रॉली | १० ऑक्टोबर, दुपारी १.३०

लेथवाले दादा, मनापासून आभार. तुमचं वाचून लगेच गॅरेजवर गेलो. ब्लॉक अजून उघडाच होता. पांढरं फडकं फिरवलं, पेन्सिलीच्या शिशासारखं काळपट झालं. आता मी आणि हेल्पर धुवायला बसलोय.

शेड_निवृत्त | १० ऑक्टोबर, रात्री ८.२०

मी रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये नोकरी केली, आता निवृत्त. इंजिनाचा आकार वेगळा, तत्त्व तेच, म्हणून लिहितो.

आमचं डब्ल्यूडीएम-२ लोकोमोटिव्ह, सोळा सिलिंडरचं, २६०० अश्वशक्तीचं. त्याला वेगळा डायनो लागत नाही, कारण इंजिनाला जनरेटर जोडलेलाच असतो. त्याची वीज मोटारींकडे न पाठवता लोड बॉक्सला द्यायची, की झाला डायनो. पाण्याच्या टाकीत लोखंडी प्लेटा. प्लेटा जितक्या बुडतील तितका लोड. पॉवर असेंब्ली (लायनर-पिस्टन-हेडचे संच) बदलल्या की इंजिन तिथे नेऊन एकेक नॉच चढवायचो. आठ नॉच. प्रत्येक नॉचला थांबून ऑइलचा दाब, पाण्याचं तापमान, धुराचा रंग, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे क्रँककेसचा, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पेटीचा, दाब दाखवणारा मॅनोमीटर. लोकोच्या क्रँककेसमध्ये थोडा व्हॅक्यूम ठेवलेला असतो. तो कमी व्हायला लागला म्हणजे कुठल्यातरी पिस्टनवरून गॅस खाली येतोय. आवाज बदलायच्या कितीतरी आधी ती नळी सांगायची.

मधल्या नॉचवर चालवून इंजिन बंद करायचं, थांबायचं, मग क्रँककेसची दारं उघडून प्रत्येक बेअरिंगला हात लावून बघायचं. एखादं शेजाऱ्यापेक्षा गरम लागलं तर पुढे जायचं नाही. पण गरम इंजिनाची दारं लगेच कधीही उघडू नका. आत ऑइलची वाफ असते, हवा मिळाली की स्फोट होतो. थंड होऊ द्या.

ट्रकच्या इंजिनाला दारं नसतात, पण ब्रीदर असतोच. तिथे मॅनोमीटर लावा. तुमचा खरा साक्षीदार तोच.

लॅब_असिस्टंट | ११ ऑक्टोबर, सकाळी ११.१५

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात किर्लोस्करच्या एक सिलिंडर टीव्ही-१ वर एडी करंट (विजेच्या चुंबकाने भार देणाऱ्या) डायनोचा सेट आहे. असे सेट महाराष्ट्रातल्या बऱ्याच कॉलेजांत आहेत. ५.२ किलोवॅट, १५०० आरपीएम, ८७.५ बोअर, ११० स्ट्रोक. डायनोचा आर्म १८५ मिलिमीटरचा, त्यामुळे लोडसेलवर सुमारे १८ किलो आले की फुल लोड. मुलं प्रयोग करतात ते ०, ६, १२, १८ असे.

आकडेमोड सोपी आहे. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, म्हणजे किलोवॅट. डायनोवाले टॉर्कच दाखवतात, तो बघा. नुसत्या अश्वशक्तीवर जाऊ नका, कारण रिंगेवरचा दाब टॉर्कशी चालतो. आणि कमी आरपीएमवर जास्त टॉर्क देऊ नका. १००० आरपीएमला इंजिन दाबून धरलं तर ऑइल पंप कमी पुरवठा करतोय आणि शेलवर भार पूर्ण, हे नव्या इंजिनाला रिकामं चालण्याइतकंच वाईट.

वॉटर ब्रेकचं पाणी मोजून घ्या. इंजिनाची सगळी ताकद त्या पाण्यात उष्णता होऊन जाते. ६० किलोवॅट खेचायचे आणि पाणी २५ अंशांनी तापू द्यायचं, तर मिनिटाला साधारण ३४ लिटर पाणी वाहायला हवं. बाहेर पडणारं पाणी ६० अंशांच्या खालीच ठेवा. आत वाफ धरली की टॉर्कचा काटा नाचायला लागतो. डिझेलही धरून चला: ६० किलोवॅटला तासाला सतरा-अठरा लिटर.

विहीर_इंजिन | ११ ऑक्टोबर, दुपारी ४.०२

मंडळी, डायनो परवडणार नाही अशांचं काय? माझं ५ एचपीचं ऑइल इंजिन आहे, विहिरीवर पट्ट्याने सेंट्रिफ्युगल पंप चालवतं. लायनर-पिस्टन नुकतंच बदललं. आमचा फिटरही म्हणतो, पट्टा काढून दोन दिवस चालव.

लॅब_असिस्टंट | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ५.४०

काढू नका! दादा, तुमच्याकडे डायनो आहेच. सेंट्रिफ्युगल पंपाची गंमत अशी की डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह जितका बंद, तितकं पाणी कमी आणि इंजिनावरचा भारही कमी. व्हॉल्व्ह उघडत न्याल तसा भार वाढतो. म्हणजे व्हॉल्व्हचं चाक हाच तुमचा लोडचा दांडा. प्राइमिंग करून व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून सुरू करा. इंजिन तापलं की पाव, मग अर्धा, मग पाऊण, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं, मग पूर्ण. पूर्ण बंद व्हॉल्व्हवर मिनिट-दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, पंपातलं पाणी उकळतं. आणि हे फक्त सेंट्रिफ्युगल पंपाला लागू. पिस्टन पंपावर व्हॉल्व्ह बंद केलात तर काहीतरी फुटेल.

मांडवी_काठ | ११ ऑक्टोबर, रात्री ९.३३

गोव्यात हॉटेलांचे जनरेटर सांभाळतो. लेथवाल्यांनी लिहिलं ते मी दर पावसाळ्यात बघतो. सीझन संपला की मोठा सेट आणि त्यावर चार खोल्यांचे दिवे. महिनाभर असं चाललं की एक्झॉस्टच्या जोडातून काळं चिकट तेल ओघळतं. सेट बनवणारे ३० टक्क्यांच्या खाली लोड ठेवू नका म्हणतात, ते याचसाठी. आम्ही लोड बँक (नुसती वीज खाऊन भार देणारा संच) आणून चार तास पाऊण लोडवर चालवतो. पहिला तासभर असा धूर येतो की शेजारी विचारायला येतात, मग एक्झॉस्ट स्वच्छ. पण ते फक्त न जळलेलं डिझेल आणि काजळी बसलेल्या जुन्या इंजिनाला. नवं काम केलेला बोअर आधीच काच झाला असेल तर लोड बँकेने परत येत नाही. दोनदा प्रयत्न करून झालाय.

चाळीस_टनी | १२ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

दुसरी बाजूही सांगतो. आमच्या ओळखीच्या एकाने असंच ‘लोड पाहिजे, लोड पाहिजे’ ऐकून डायनोवर दहाव्या मिनिटाला फुल लोड दिला. पाणी अजून ५० अंशांवर. पिस्टन फुगला, लायनर अजून थंड, तिसरा सिलिंडर धरला. वरून एका नोझलमधून थेंब गळत होते, त्यांनी बोअरवरचं ऑइल धुऊन काढलं होतं. लोड पाहिजे हे अगदी खरं, पण आधी इंजिन कामाच्या तापमानाला येऊ द्या. आणि नोझल टेस्टरवर स्वतः उभं राहून बघा. फवारा धुक्यासारखा हवा, आणि थांबला की टोक कोरडं हवं.

रिव्हर्स_गिअर | १२ ऑक्टोबर, सकाळी १०.१०

लेथवाल्यांचा मुद्दा रात्री वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, बरोबर आहे, पाटी लावलेल्या गाडीत आम्ही पहिल्याच खेपेला आंब्याच्या पेट्या भरून कुंभार्ली चढलो होतो. माझा विरोध मागे घेतो. ट्रॉली दादा, डायनोचा वृत्तान्त नक्की लिहा.

उसाची_ट्रॉली | १९ ऑक्टोबर, रात्री ११.४५

काल झालं. आज दिवसभर झोपलो, आता लिहितोय.

मिस्त्रींना मी बरोबर चला म्हणालो होतो. येतील की नाही शंका होती, पण सकाळी सहाला स्वतःची टॅपेटची फीलर पट्टी खिशात घालून गाडीत बसले होते. इंजिन स्टँडवर बांधून डायनोचा शाफ्ट जोडताना त्यांनीच डायलवर अलाइनमेंट दोनदा बघायला लावली. डायनोवाला मुलगा तरुण, पण शिस्तीचा. शाफ्टवर जाळी बसवल्याशिवाय पुढे जाऊ देईना.

ब्रीदरच्या नळीला एक बारीक भोकाची चकती बसवली आणि तिच्या आधी टी काढून यू नळीचा मॅनोमीटर. नळी म्हणजे गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी, फळीवर खिळ्यांनी वाकवलेली, मागे शाळेची पट्टी, आत कुंकू कालवलेलं पाणी. भोक किती मोठं त्यावर आकडा ठरतो, त्यामुळे माझे आकडे दुसऱ्या कुणाशी ताडू नका. मला फक्त चढतोय की उतरतोय एवढंच बघायचं होतं.

सुरू करण्याआधी स्टॉप (डिझेल बंद करणारा दांडा) खेचून धरला आणि सेल्फ मारला, पंधरा सेकंद, थांबा, परत पंधरा सेकंद. चौथ्या वेळी ऑइलचा काटा हलला. मग स्टॉप सोडला. पहिल्या फटक्यात चालू. स्लोवर ठेवलंच नाही, थेट १२०० आरपीएम. दोन मिनिटांत चार नंबर नोझलच्या रिटर्न पाइपातून डिझेल गळताना दिसलं. बंद. तांब्याचा वॉशर बदलला, परत चालू.

पाणी ६० अंशांवर आल्यावर पहिला लोड: १२०० आरपीएमला ९० न्यूटन-मीटर, म्हणजे जेमतेम ११ किलोवॅट. वीस मिनिटं. मॅनोमीटर सुरुवातीला ३० मिलिमीटर, फारसा हलला नाही. मला काळजी वाटली. मिस्त्री इंजिनाच्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते, एक हात टॅपेट कव्हरवर. म्हणाले, ‘अजून अंग धरलेलं आहे, सोडेल.’

मग १५०० ला १८०. अर्धा तास. आकडा आधी ५८ ला चढला आणि मग अगदी हळू, पट्टीवर डोळा ठेवून बसलं तरच कळेल असा उतरायला लागला. ५६, ५३, ५०. पाणी ७८ वर स्थिर. मध्ये लोड थोडा कमी-जास्त करत होतो, एकाच जागी धरून ठेवला नाही.

त्यानंतर १८०० ला २७०, म्हणजे ५१ किलोवॅट. खरी मजा इथे. लोड चढवताक्षणी मॅनोमीटर ८८ ला गेला. माझ्या पोटात गोळा. दहा मिनिटांनी ७९. वीस मिनिटांनी ६४. चाळीस मिनिटांनी ४६, आणि तिथे थांबला. डायनोवाल्या मुलाने समजावलं की भोकातून जाणारी गॅस आणि पाण्याची उंची सरळ प्रमाणात नसतात, वर्गमुळाने चालतात. ८८ चे ४६ म्हणजे गॅस निम्मी झाली नाही, साधारण २८ टक्के कमी झाली. पण चाळीस मिनिटांत डोळ्यांसमोर. चैत्रात दहा तास इंजिन चालवून जे झालं नाही, ते कुंकवाचं पाणी खाली येताना दिसत होतं. मिस्त्री खुर्चीवरून उठले, पट्टीजवळ येऊन उभे राहिले आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत.

साडेबाराला लाईट गेली. वरच्या टाकीला पाणी चढवणारा पंप बंद. पाचएक मिनिटांत ब्रेकमधून बाहेर येणारं पाणी ६८ अंशांवर, टॉर्कचा काटा नाचायला लागला, लॅब_असिस्टंट यांनी सांगितलं होतं अगदी तसं. मुलाने रेस आणि लोड दोन्ही बरोबरीने उतरवले. आता प्रश्न असा की लाईट येईपर्यंत काय करायचं? माझा हात सवयीने स्लोकडे गेला. मिस्त्रीच म्हणाले, ‘बंद कर. रिकामं नको आता.’ १००० वर तीन मिनिटं चालवून थंड केलं आणि बंद. लाईट यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात जेवलो. परत चालू करून पुन्हा १८० पासून चढवत आणलं.

शेवटचा टप्पा फुल लोडचा. १६०० ला ३४०, पण एका दमात नाही: पाच मिनिटं फुल, दहा मिनिटं निम्मा, असं चार वेळा. मग २४०० ला ३०० पर्यंत, ७५ किलोवॅट. धूर फुल लोडला हलका राखाडी, लोड काढला की स्वच्छ. ऑइलचा दाब सबंध दिवसात कुठेही पडला नाही. एकूण साडेपाच तास इंजिन चालू होतं.

बंद केल्यावर गरम असतानाच ऑइल काढलं. फिल्टर करवतीने न कापता लेथवर कापला, म्हणजे करवतीचा कीस आत जाऊन फसगत होत नाही. कागद उलगडून उन्हात धरला. राखाडी मळ, बोटावर चोळला तर रवा नाही, मऊ. चुंबकाला बारीक लव लागली, रिंगांची असणार. तांबूस किंवा चकचकीत पापुद्रा एकही नाही, म्हणजे शेल ठीक. थंड झाल्यावर हेडचे बोल्ट मॅन्युअलप्रमाणे परत टॉर्क केले, दोन थोडे फिरले. टॅपेट मिस्त्रींनी स्वतः बघितले, कुणाला हात लावू दिला नाही.

गाडीवेडा_नागपूर | २० ऑक्टोबर, सकाळी ९.००

अप्रतिम. वाचनखूण साठवली. एक प्रश्न: रन-इनला ऑइल कोणतं घातलं? सिंथेटिक टाकलं तर रिंगा बसत नाहीत असं सगळे म्हणतात.

उसाची_ट्रॉली | २० ऑक्टोबर, सकाळी ९.४०

मॅन्युअलमधल्या ग्रेडचं साधं मिनरल १५डब्ल्यू-४०. वेगळं काही नाही, वरून कुठलीही बाटली ओतली नाही. काढल्यावर परत तेच.

शेड_निवृत्त | २० ऑक्टोबर, दुपारी १२.२०

ट्रॉली, चांगलं केलंत. लाईट गेली तेव्हा बंद केलंत ते सर्वांत चांगलं. आता पहिल्या खेपांना माल भरा, पण एकाच गिअरमध्ये, एकाच वेगात तासन्‌तास नको. उतरणीला गिअरमध्ये रेस सोडून येऊ द्या, मग चढाला परत लोड. तासाभराने थांबून होजचे क्लॅम्प बघा. नव्या गॅसकेटा तापून बसल्या की क्लॅम्प सैल होतात.

विहीर_इंजिन | २६ ऑक्टोबर, सायंकाळी ६.१५

माझंही कळवतो. पट्टा काढला नाही. व्हॉल्व्हने लोड चढवत तीन तासांत पूर्ण उघडला. पहिल्या तासाला ब्रीदरला धूर होता, तिसऱ्या तासाला ब्रीदरच्या तोंडाशी कागद धरला तर जेमतेम थरथरला. शिवाय हरभऱ्याचं रान भिजून निघालं.

उसाची_ट्रॉली | २३ नोव्हेंबर, रात्री १०.३०

हंगाम सुरू होऊन गाडी २३०० किलोमीटर चालली, बहुतेक सगळी उसाने भरून. परवा सकाळी गाडी सपाट जागेवर लावून डिपस्टिक पाहिली. वरच्या खुणेपासून नखभर खाली. अजून वरून ऑइल घातलेलं नाही. ऑइलचं झाकण उघडलं तर फुंकर नाही, नुसती ऊब.

मॅनोमीटरची फळी मिस्त्रींनी मागून नेली. आता त्यांच्या गॅरेजात खिळ्याला टांगली आहे. त्यांच्याकडे पुढच्या शुक्रवारी एका ट्रॅक्टरचं फुल काम बांधून होतंय. गिऱ्हाईकाला डायनोचं भाडं परवडणार नाही, म्हणून शेतातच रन-इन करायचं ठरलंय. त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय: थेट नांगर लावायचा, की आधी काही हलकं?

लेथवाला | २४ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

पाणी तापेपर्यंत रस्त्यावर रिकामी ट्रॉली. मग पहिला दीड तास कल्टिव्हेटर, फार खोल नको, पण रेस पाऊणच्या वर आणि गिअर असा की इंजिन दबणार नाही. ब्रीदरचा आकडा उतरून स्थिर झाला की नांगर. नांगराच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला वळण असतंच, तिथे इंजिनाला आपोआप विसावा मिळतो, त्यामुळे वेगळं थांबायला नको. जेवायला बसताना मात्र ट्रॅक्टर स्लोवर सोडून जाऊ नका, बंद करा. आणि मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. पांढरं फडकं माझ्याकडून पाठवतो.